झे. पंडित

सप्टेंबर १९८६ मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची कसोटी बरोबरीत सुटली. कसोटी क्रिकेटमध्ये असं घडण्याची ती दुसरीच वेळ. पहिली १९६० साली ब्रिस्बेनला. या सामन्याचा धावफलक मी कितीदा तरी वाचला आहे. डीन जोन्सच्या २१० धावा, कपिल देवच्या ११९, ग्रेग मॅथ्यूजचे दोन्ही डावांत मिळून दहा बळी, हे सगळं ठळक आहेच. माझा डोळा मात्र दोन बारक्या ओळींवर रेंगाळतो. पहिल्या डावात, मॅथ्यूज झे. पंडित गो. यादव ४४. दुसऱ्या डावात, रिची झे. पंडित गो. शास्त्री २८.

त्या संघाचा यष्टिरक्षक होता किरण मोरे. चंद्रकांत पंडित यांची निवड झाली होती फलंदाज म्हणून. मोरेची तब्येत बिघडली आणि ग्लोव्हज पंडितांच्या हाती आले. मद्रासचा तो उकाडा असा होता की जोन्सला खेळपट्टीवरच उलट्या झाल्या आणि डाव संपल्यावर त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. त्या उन्हात जोन्सचं द्विशतक आणि बॉर्डरचं शतक घडत असताना पंडित चेंडूमागून चेंडू खाली बसत होते आणि उठत होते. ऑस्ट्रेलियाने ७ बाद ५७४ वर डाव सोडला. एवढ्या मोठ्या डावात त्यांच्या वाट्याला छापील अक्षरं आली ती ‘झे. पंडित’ एवढीच.

धावफलक हाच मजकूर मानून वाचायला बसलं, तर त्यात यष्टिरक्षकाची जागा कुठे असते? फलंदाजाला स्वतःची ओळ असते. गोलंदाजाला खाली स्वतंत्र तक्ता असतो, षटकं-निर्धाव-धावा-बळी. यष्टिरक्षकाचं नाव दुसऱ्याच्या ओळीत येतं, तेही ‘झे.’ किंवा ‘यष्टि.’ या आखूड खुणेला चिकटून. त्याचा हिशोब मांडणारी एकच जागा आहे, अवांतर धावांमधला ‘बाय’चा आकडा, आणि तो आकडा फक्त त्याच्या हातून निसटलेलं मोजतो. दिवसाला ९० षटकं टाकली गेली तर ५४० चेंडू होतात. तितक्या वेळा तो खाली बसतो. त्यातले पाचशेहून अधिक चेंडू त्याने नीट घेतले तर त्याची कुठेच नोंद होत नाही.

म्हणून यष्टिरक्षकाची कारकीर्द वाचायची रीत वेगळी असायला हवी. तिचा रस शतकांच्या आणि सरासरीच्या रकान्यात सापडत नाही. इतरांच्या ओळींमध्ये, संघाच्या वळणांमध्ये, कोण कुणाच्या जागी आला आणि आल्यावर त्याने काय केलं यात तो शोधावा लागतो. चंद्रकांत पंडितांची कारकीर्द मला या वाचनासाठी फार मोलाची वाटते, कारण ती जवळजवळ सगळीच दुसऱ्याच्या ओळीत लिहिलेली आहे.

या कामाची थोडी बारकाई सांगितल्याशिवाय पुढचं उलगडणार नाही. जलदगती गोलंदाजाला कीपर मागे उभा राहतो. तिथे लागतात ते पाय. चेंडूने बॅटची कड घेतल्यावर आडव्या उडीला वेळ मिळतो, थोडा का होईना. फिरकीला तो यष्टीला खेटून उभा राहतो, आणि तिथे सगळा खेळ संयमाचा. नवखा कीपर चेंडू टप्पा पडण्याआधीच उठतो, गुडघे सरळ होतात, हात वर येतात आणि खाली राहिलेला चेंडू पायांमधून जातो. जाणता कीपर चेंडूबरोबर उठतो. बोटं जमिनीकडे, तळवे चेंडूकडे, आणि चेंडू हातात शिरताना हात किंचित मागे घ्यायचे. ताठ हाताने घेतला तर चेंडू उसळून बाहेर पडतो आणि बोटंही जायबंदी होतात. सगळ्यांत अवघड तो लेग साइडचा चेंडू. फलंदाजाचं अंग मध्ये येतं आणि क्षणभर चेंडू दिसतच नाही. ज्या क्षणी फलंदाजाचा तोल जाऊन पाय रेषेबाहेर जातो, नेमका त्याच क्षणी कीपर आंधळा असतो. तिथे जो यष्टिचीत करतो, तो चेंडू पाहून करत नाही. गोलंदाजाचं मनगट, चेंडूची उंची आणि फलंदाजाच्या खांद्याची हालचाल यावरून चेंडू कुठे येणार हे त्याने आधीच ताडलेलं असतं.

आमच्या जामखेडच्या बाजूला टेनिस बॉलचे सामने होतात. तिथे कीपर बहुधा उघड्या हातांनी उभा राहतो आणि ओरडत असतो, ‘पुढं घे’, ‘याला सरळ टाक’, ‘हा आडवा मारतोय’. कर्णधार कुणीही असो, चालवायचं काम कीपरच करतो. त्याला मैदान समोरून दिसतं. बाकीचे दहा जण बाजूने, तिरपं, पाठीमागून पाहतात. फलंदाज जे पाहतो तेच, त्याच दिशेने, फक्त कीपर पाहतो. चेंडू कुठे वळला, बॅट कुठे उघडली, पाय कुठे अडकला, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

पंडितांचा जन्म सप्टेंबर १९६१ चा, मुंबईचा. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते घडले. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यावर दोन तरुण यष्टिरक्षक गेले, बडोद्याचे किरण मोरे आणि मुंबईचे पंडित. लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीत मोरेंनी पदार्पण केलं. पुढची कसोटी लीड्सला. तिथे पंडितांना भारताची टोपी मिळाली, पण फलंदाज म्हणून. यष्टीमागे मोरेच होते. भारताने ती कसोटी २७९ धावांनी जिंकली आणि मालिकाही. पंडितांच्या कारकिर्दीचं सूत्र इथेच दिसतं. यष्टीमागची जागा मोरेंनी मेहनतीने आणि गुणांनी कमावली होती. ४९ कसोटी, ११० झेल, २० यष्टिचीत ही मोरेंची कामगिरी आहे. १९८८ साली नरेंद्र हिरवाणींच्या पदार्पणात मद्रासलाच वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी एका सामन्यात सहा जणांना यष्टिचीत केलं, हा विक्रम. अशा माणसाच्या मागे उभं राहून वाट पाहणं पंडितांच्या नशिबी आलं.

मद्रासच्या त्या कसोटीकडे पुन्हा एकदा येतो, कारण तिथे पंडितांचं आणखी काही वाचायचं आहे. शेवटच्या दिवशी भारतापुढे ३४८ चं आव्हान होतं. गावसकर ९० करून गेले, अझरुद्दीन ४२ करून, आणि कपिल देव एका धावेवर. ५ बाद २५३. सामना कुठेही झुकू शकत होता. रवी शास्त्रींबरोबर पंडितांनी धावसंख्या २९१ पर्यंत नेली आणि मॅथ्यूजने त्यांचा त्रिफळा उडवला तेव्हा त्यांच्या ३९ धावा झाल्या होत्या. पहिल्या डावात ३५. या दोन खेळींना धावफलकात कुणी अधोरेखित करत नाही. पण सामना बरोबरीत सुटला आहे; म्हणजे कुठलीही एक धाव काढून घेतली तर भारत हरतो. त्या ७४ धावांतली प्रत्येक धाव तुळईला टेकू द्यावा तशी उभी आहे. पंडितांच्या कसोटी कारकिर्दीतल्या एकूण धावा १७१. त्यांतल्या ७४ या एकाच सामन्यातल्या, आणि ३९ ही त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या.

पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९८७ ला, वानखेडेवर विश्वचषकाचा उपांत्य सामना. दिलीप वेंगसरकर आजारी पडले. पुन्हा कुणाच्या तरी जागी पंडित. ग्रॅहम गूचने मणिंदर आणि शास्त्रींना स्वीप मारून मारून ११५ धावा काढल्या, तो दिवस सगळ्यांना तेवढ्यासाठीच आठवतो. भारत ३५ धावांनी हरला. पंडित पायचीत गो. फॉस्टर २४. घरचं मैदान, घरचे लोक, विश्वचषकाचा उपांत्य सामना, आणि खेळायला मिळालं ते दुसऱ्याच्या आजारपणामुळे. या २४ धावांना अपयश म्हणायला माझं मन तयार होत नाही. अझरुद्दीनच्या ६४ आणि कपिलच्या ३० खेरीज मधल्या फळीत त्या दिवशी फारसं काही नव्हतं.

१९९२ च्या जानेवारीत सिडनीला पंडित यष्टीमागे उभे राहिले. रवी शास्त्रींच्या २०६, सचिनच्या नाबाद १४८, आणि पलीकडच्या बाजूने शेन वॉर्न नावाचा एक गुबगुबीत पोरगा पहिली कसोटी खेळत होता. त्यानंतरची अॅडलेडची कसोटी ही पंडितांची शेवटची. एकूण पाच कसोटी, ३६ एकदिवसीय सामने. विश्वचषकाला मोरे गेले.

आता दुसरा आकडा वाचा. प्रथम श्रेणीच्या १३८ सामन्यांत ८,२०९ धावा, सरासरी ४८.५७, २२ शतकं, त्यात एक द्विशतक. ही कुठल्याही भरवशाच्या फलंदाजाला शोभणारी सरासरी आहे, आणि ती कीपरची आहे; म्हणजे दीड-दोन दिवस उठबस करून झाल्यावर पॅड बांधून काढलेल्या धावा. या दोन आकड्यांमधलं अंतर मला अस्वस्थ करतं. आज असा खेळाडू असता तर यष्टीमागे उभा राहणारा फलंदाज म्हणून कुठल्याही संघाने त्याला जपलं असतं. ऐंशीच्या दशकात कीपरकडून आधी कीपिंग मागितलं जाई आणि धावा मिळाल्या तर वरकड समजल्या जात. पंडित आपल्या काळाच्या जरा आधी जन्मले, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये कॅचर नावाचा असाच एक खेळाडू असतो. तोंडावर जाळी, छातीवर कवच, गुडघ्यांवर पट्ट्या. बॅटरच्या मागे उकिडवा बसतो आणि पुढचा चेंडू कुठला टाकायचा हे बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो. मैदानावरचे त्याचे सगळे सहकारी एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि तो एकटाच त्यांच्याकडे तोंड करून. तिथे कॅचरांची एक मोठी जमात अशी असते की जी आयुष्यभर या संघातून त्या संघात फिरते, मुख्य कॅचरला विश्रांती हवी तेव्हा खेळते, आणि उरलेले दिवस बाकावर बसून पाहते. ब्रूस बोची हे त्यातलं एक नाव. १९७८ ते १९८७ या काळात ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स आणि सॅन डिएगो या तीन संघांकडून ते खेळले, बहुतेक वेळ राखीव कॅचर म्हणून. नंतर ते व्यवस्थापक झाले. तिथे व्यवस्थापक म्हणजे आपल्याकडचा मुख्य प्रशिक्षक, पण सामना चालू असताना निर्णय घेणाराही तोच. सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी २०१०, २०१२ आणि २०१४ साली जगज्जेता केलं आणि मग निवृत्तीतून परत येऊन २०२३ साली टेक्ससला. खेळाडू म्हणून बाकावर काढलेली वर्षं वाया गेली नव्हती. बाकावर बसलेला कॅचर दोन्ही संघांचे पिचर वाचतो, कुणाचा हात दमलाय ते ओळखतो, कुणाचं लक्ष घरी आहे तेही ओळखतो.

पंडितांची गोष्ट बोचींच्या गोष्टीच्या शेजारी ठेवून वाचली की तिची पुढची प्रकरणं स्पष्ट दिसू लागतात. पंडित मुंबई सोडून मध्य प्रदेशकडे गेले. मुंबईचा खेळाडू बाहेर जातो तेव्हा मुंबईत त्याचा जरा अंधार होतो. बातमी येईनाशी होते. पण आम्हा जामखेडकरांसाठी हा प्रवास परका नाही. आमच्या तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवींचं जन्मगाव. तिथून होळकरांच्या घरात गेलेल्या मुलीने माळव्याचा कारभार पाहिला, महेश्वर उभं केलं. पुढे इंदूर ही होळकरांची राजधानी झाली, आणि त्या संस्थानाच्या नावाने क्रिकेटचा एक संघ निघाला, होळकर संघ. सी. के. नायडू त्याचे कर्णधार, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे एकेक खेळाडू. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशा चार वेळा या संघाने रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळला आणि नाबाद २४९ करूनही संघ हरला.

त्यातल्या निंबाळकरांचं नाव इथे घेतल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूरचा हा माणूस. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला थोड्याच धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने खेळायला नकार दिला आणि सामना सोडला. निंबाळकर किती संघांकडून खेळले! बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे. गोलंदाजीही करत, गरज पडली तर यष्टीमागेही उभे राहत. एकही कसोटी त्यांना मिळाली नाही. संघ बदलत, पडेल ते काम करत खेळणाऱ्यांची एक परंपरा आपल्याकडे आहे, आणि पंडित तिच्यात नीट बसतात. आसाम, मुंबई आणि त्रिपुरा अशी फिरती केलेले विनायक सामंत हेही त्याच वाटेवरचे यष्टिरक्षक. पुढे तेही मुंबईचे प्रशिक्षक झाले.

संस्थानं गेली, होळकर संघही इतिहासात जमा झाला, आणि त्याचा वारसा मध्य प्रदेशकडे आला. करंडक मात्र आला नाही. १९९८-९९ च्या मोसमात कर्णधार पंडितांनी मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात नेलं. बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पंचाहत्तर धावांची आघाडी. रणजीच्या नियमाप्रमाणे सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता. कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ केल्या. मध्य प्रदेशपुढे २४७ धावा होत्या, पण त्या करायलाच हव्यात असं नव्हतं. दिवस खेळून काढला असता तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या सत्रात डाव कोसळला. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले. सर्व बाद १५०, पराभव ९६ धावांनी.

हा धावफलक वाचताना माझं बोट ७५ या आकड्यावर थांबतं. ही आघाडी होती, पण पुरेशी नव्हती. वेळ शिल्लक राहिला, कर्नाटकाला पुन्हा उभं राहायला जागा मिळाली आणि शेवटच्या दिवशी राखण्यासाठी काहीतरी आहे या भावनेनेच फलंदाजांचे हात आखडले असावेत. पुढे पंडित प्रशिक्षक झाले. आता त्यांच्या प्रशिक्षणाखालच्या अंतिम सामन्यांचे धावफलक शेजारी मांडून पाहा.

फेब्रुवारी २०१६, पुणे, मुंबई विरुद्ध सौराष्ट्र. सौराष्ट्र २३५. मुंबई ९ बाद २६८, म्हणजे आघाडी तर मिळालेलीच होती. तिथून सिद्धेश लाड आणि बलविंदर संधू यांनी शेवटच्या जोडीला १०३ धावा घातल्या. मुंबई ३७१, सौराष्ट्र दुसऱ्या डावात ११५, विजय एक डाव २१ धावांनी. आता विदर्भ पाहा. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा हा संघ कधीच अंतिम फेरीत पोचला नव्हता. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध तो उभा राहिला. रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकने दिल्लीला २९५ मध्ये रोखलं, आणि मग विदर्भ खेळत राहिला, खेळत राहिला, ५४७ पर्यंत. आघाडी २५२. दिल्ली २८०, आणि विदर्भाला हव्या होत्या फक्त २९ धावा. १ जानेवारी २०१८ ला फैज फजलच्या संघाने करंडक उचलला. त्या संघात मुंबईहून आलेला वसीम जाफरही होता. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला.

जून २०२२. मध्य प्रदेश पुन्हा अंतिम फेरीत, प्रशिक्षक पंडित, आणि मैदान तेच, चिन्नास्वामी. समोर ४१ वेळचा विजेता मुंबई संघ. मुंबईच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत अमोल मुजुमदार, भारताकडून खेळायची संधीच न मिळालेला आणखी एक मोठा फलंदाज, तोही आचरेकर सरांचाच विद्यार्थी. एका गुरूचे दोन शिष्य समोरासमोर. (मुजुमदारांच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा मला फार आनंद झाला.) मुंबई ३७४, त्यात सर्फराज खानच्या १३४. मध्य प्रदेशकडून यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२, एकूण ५३६. आघाडी १६२. इथे १९९९ ची चूक कुणी पुन्हा करणार नव्हतं. मुंबईला घाई करावी लागली, घाईत २६९ वर डाव संपला, आणि मध्य प्रदेशने १०८ धावा चार गडी गमावून काढल्या. आदित्य श्रीवास्तवच्या संघाने रणजी करंडक जिंकला. होळकर संघाच्या १९५२-५३ च्या विजयानंतर त्या भागात आलेला हा पहिला करंडक. पंडित मैदानात आले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ते कर्णधार म्हणून हरले होते.

प्रशिक्षक म्हणून पंडितांनी सहा रणजी करंडक जिंकले, मुंबईबरोबर तीन, विदर्भाबरोबर दोन आणि मध्य प्रदेशबरोबर एक. पण माझ्या वाचनात या विजयांतून एक बारीक धागा निघतो, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. २०१६ च्या विजेत्या मुंबईचा कर्णधार होता आदित्य तरे, यष्टिरक्षक. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात १३३ धावांचं पहिलं शतक ठोकून दिल्लीचं कंबरडं मोडणारा अक्षय वाडकर, यष्टिरक्षक. २०२२ च्या उपांत्य सामन्यात बंगालविरुद्ध १६५ धावा करून मध्य प्रदेशला अंतिम फेरीत नेणारा हिमांशू मंत्री, यष्टिरक्षक. या पोरांचं श्रेय त्यांचंच आहे. शतकं त्यांनी काढली. पण ज्या संघाच्या खोलीत प्रशिक्षक स्वतः कीपर आहे, तिथे कीपरला आपली फलंदाजी वरकड आहे असं कुणी वाटू देणार नाही. पंडितांना त्यांच्या काळात जे मिळालं नाही, ते त्यांच्या संघांतल्या कीपरना मिळालं, असं मी या ओळी वाचून म्हणतो.

पंडितांच्या शिस्तीबद्दल पुष्कळ बोललं जातं. पहाटेचे सराव, लांबलचक शिबिरं, वेळेच्या बाबतीत कुणालाही सूट नाही. रणजीतल्या पोरांना या धाकाचा उपयोग झाला, हे निकाल सांगतात. ज्या संघाला जिंकायची सवय नसते, तिथे सवय लावणारा माणूस लागतो, आणि सवय गोड बोलून लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ते कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथे जगभरचे, वयाने आणि कमाईने मोठे खेळाडू. त्यांतल्या काहींना ही शिस्त जाचक वाटली, एका परदेशी खेळाडूने ते उघड बोलूनही दाखवलं. मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. दोन महिन्यांसाठी एकत्र येणाऱ्या पंचतारांकित संघाला घडवायचं नसतं, सांभाळायचं असतं. पंडित घडवणारे आहेत. तरीही २०२४ साली कोलकात्याने आयपीएल जिंकली, गौतम गंभीर मार्गदर्शक आणि पंडित प्रशिक्षक असताना, आणि पुढच्या वर्षी ते तिथून बाहेर पडले. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीत आयपीएलचा तो चषक नागपूर-इंदूरच्या करंडकांच्या मागेच उभा राहतो.

मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश, कोलकाता. खेळाडू म्हणून फिरती, प्रशिक्षक म्हणूनही फिरती. प्रत्येक ठिकाणाहून ते निघाले तेव्हा मागे काय उरलं, हे पाहायचं तर नागपूरकडे पाहावं. २०१९ नंतर विदर्भाचे प्रशिक्षक बदलले, फैज फजल गेला, जाफर गेला. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या जामठ्याला विदर्भ आणि केरळ यांचा अंतिम सामना झाला. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. तो स्वीकारायला पुढे गेला कर्णधार अक्षय वाडकर, पहिल्या विजयाच्या वेळचा तोच यष्टिरक्षक, आता संघातल्या जुन्या माणसांपैकी एक.